डाल्मेशियाला जाताय? दुब्रोवनिक, स्प्लिट आणि आसपासच्या बेटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रोएशियाला जायचं म्हटलं की बहुतेक जणांच्या मनात असतो तो त्या देशाचा दक्षिणेकडचा किनारा, म्हणजे डाल्मेशिया. भूमध्य समुद्राचा जो फाटा इटली आणि बाल्कन देशांच्या मधून वर शिरतो, तो एड्रियाटिक. त्याच्या पूर्व काठावर दगडी तटबंदीची जुनी शहरं आहेत आणि समोर बेटांची रांग. इथे जाण्याआधी मराठी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं खाली दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

किती दिवस लागतील?

नऊ-दहा रात्री असतील तर निवांत होतं. स्प्लिटला तीन, एखाद्या बेटावर तीन आणि दुब्रोवनिकला तीन. विमानाने स्प्लिटला उतरा आणि दुब्रोवनिकहून परता, किंवा उलट. एकाच विमानतळावर जाऊन-येऊन तिकीट काढलं तर एक अख्खा दिवस नुसता मागे येण्यात जातो.

टूर कंपन्यांच्या पत्रकात याच भागाला दोन-तीन दिवस दिलेले असतात आणि त्यातच राजधानी झाग्रेब, प्लिट्विसचे धबधबे आणि शेजारचे दोन देश कोंबलेले असतात. अशा सहलीत शहर बघायला मिळतं ते सकाळी दहा ते चार, म्हणजे नेमकं सगळी क्रूझ जहाजं बंदरात उभी असतात तेव्हा. ही शहरं सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर बघायची असतात, आणि त्यासाठी तिथे मुक्काम करावा लागतो. माझा आग्रह एवढाच आहे: ठिकाणं कमी करा, रात्री वाढवा.

मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलं तर चालेल का?

उत्तम चालेल. शाळांची उन्हाळी सुट्टी आणि डाल्मेशियाचा चांगला काळ नेमके जुळतात. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत हवा सुखद असते, दिवस लांब असतात आणि राहण्याचे दर अजून चढलेले नसतात. उणीव एकच, समुद्र गार असतो. मुलं तरीही उतरतात. मोठे काठावर उभे राहून त्यांना हाका मारतात.

जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा. ऊन भाजतं, अर्धा युरोप तिथे लोटलेला असतो, खोल्यांचे भाव गगनाला भिडतात. पोहण्यासाठीच जायचं असेल तर सप्टेंबर सगळ्यात चांगला. उन्हाळाभर तापलेलं पाणी तोवर ऊब धरून असतं आणि गर्दी ओसरलेली असते.

दिवाळीच्या सुट्टीबद्दल मात्र दोनदा विचार करा. ऑक्टोबरच्या अखेरीस जलद बोटींच्या फेऱ्या कमी होतात, बेटांवरची बरीचशी उपाहारगृहं आणि खोल्या बंद होतात. स्प्लिट आणि दुब्रोवनिक वर्षभर जागी असतात, त्यामुळे फक्त शहरं बघायची असतील तर हरकत नाही. पाऊस गृहीत धरा.

व्हिसा कोणता? आधी क्रोएशियाचा वेगळा लागायचा ना?

आता नाही. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो. त्यामुळे नेहमीचा शेंगेन व्हिसा काढायचा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५, त्याहून लहानांना माफ. व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाआकार वेगळा. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेमध्ये जायचं असेल तर फेब्रुवारी उजाडेपर्यंत थांबू नका, कारण अर्ज देण्यासाठी केंद्रात वेळ मिळणं हीच खरी अडचण असते.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हेही बरेच जण विचारतात. सर्वाधिक रात्री जिथे, त्या देशाकडे. क्रोएशियात सात रात्री आणि व्हिएन्नात दोन, तर अर्ज क्रोएशियाकडे. ‘अमुक देशाचा लवकर मिळतो’ म्हणून तिथली खोटी आरक्षणं दाखवण्याचा सल्ला काही एजंट देतात. तो ऐकू नका.

दुब्रोवनिकहून एका दिवसात मोस्तार किंवा कोटोर करता येतं का?

येतं, पण व्हिसावर काय छापलंय ते आधी बघा. मोस्तार बोस्नियात आहे आणि कोटोर मॉन्टेनेग्रोत, आणि हे दोन्ही देश शेंगेनच्या बाहेर आहेत. वैध शेंगेन व्हिसावर ते भारतीयांना थोड्या दिवसांसाठी येऊ देतात. प्रश्न येतो परतताना. तुमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर सीमा ओलांडताक्षणी तो संपला, आणि तुमचं सामान दुब्रोवनिकच्या खोलीत. त्यामुळे अर्जातच बहुप्रवेश व्हिसा मागा आणि कार्यक्रमात ती सहल स्पष्ट लिहा. हातात एकच प्रवेश पडला असेल तर हा बेत सोडून द्या.

उन्हाळ्यात मॉन्टेनेग्रोच्या सीमेवर गाड्यांची लांबच लांब रांग लागते, हेही जमेस धरा. दोन्हींतलं एकच निवडायचं तर मी कोटोर निवडेन, पण पहाटे निघून.

मुंबईहून थेट विमान आहे का?

नाही. आखाती देशांतून, इस्तंबूलहून किंवा व्हिएन्ना, फ्रँकफर्ट, म्युनिकसारख्या शहरांतून बदलून जावं लागतं. दुब्रोवनिकपर्यंत रेल्वे नाही. स्प्लिटला आहे, पण झाग्रेबहून बसच सोयीची पडते.

दुब्रोवनिक इतकं महाग आणि इतकं गजबजलेलं आहे, तर वगळलं तर काय बिघडेल?

हा प्रश्न खूप जण विचारतात, आणि खरं सांगायचं तर तो रास्त आहे. गर्दी इतकी वाढली की नगरपालिकेने २०१९ पासून एका वेळी दोनच क्रूझ जहाजं आणि चार हजार प्रवासी अशी मर्यादा ठरवली. तरीही वगळू नका. कारण या शहराची गोष्ट एड्रियाटिकच्या काठावर दुसऱ्या कुठल्याही गावाकडे नाही.

दुब्रोवनिक हे १३५८ ते १८०८ असं साडेचारशे वर्षं स्वतःच एक प्रजासत्ताक होतं, रागुसा नावाचं. एका बाजूला व्हेनिस, दुसऱ्या बाजूला ऑटोमन सुलतान, आणि मधे हे चिमुकलं शहर. लढून टिकणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी व्यापार आणि मुत्सद्देगिरी यांवर निभावून नेलं. सुलतानाला दरवर्षी १२,५०० दुकात (सोन्याची नाणी) खंडणी पोचती करायची आणि बदल्यात बाल्कनभर व्यापाराची मोकळीक मिळवायची. आतला कारभार सरदार घराण्यांच्या हातात होता, पण त्यांचा एकमेकांवर अजिबात विश्वास नव्हता. म्हणून प्रमुखाची, म्हणजे रेक्टरची, मुदत फक्त एक महिना. त्या महिनाभरात त्याने राजवाड्यात राहायचं, सरकारी कामाशिवाय बाहेर पडायचं नाही. राजवाड्यात शिरलात की हे आठवा. मग त्या देखण्या खोल्या थोड्या कैदेसारख्या वाटू लागतात.

१३७७ मध्ये या शहराने साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेरच थांबवायचा कायदा केला. विलगीकरणाचा हा जगातला पहिला लिखित कायदा मानला जातो. सुरुवातीला लोकांना जवळच्या ओसाड बेटांवर आणि त्सावतात गावात ठेवत. पुढे पूर्वेच्या प्लोचे दरवाज्याबाहेर लाझारेती नावाच्या लांबलचक दगडी इमारती बांधल्या. त्या अजून उभ्या आहेत आणि आता तिथे प्रदर्शनं, कार्यक्रम होतात. करोनाकाळ पाहिलेल्या माणसाने तिथे पाच मिनिटं तरी थांबावं. बहुतेक जण समोरून बीचकडे निघून जातात.

६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात शहर जवळजवळ कोसळलं. आज जो सरळ, एकसारख्या घरांचा मुख्य रस्ता दिसतो, स्त्रादून, तो त्यानंतरच्या पुनर्बांधणीतला. भूकंपातून वाचलेल्या मोजक्या इमारतींत स्पोन्झा राजवाडा आहे. पुढे नेपोलियनच्या सैन्याने १८०८ मध्ये प्रजासत्ताकच बरखास्त केलं.

आणि १९९१ चं युद्ध? त्याच्या खुणा दिसतात का?

दिसतात, कुठे बघायचं ते ठाऊक असेल तर. क्रोएशिया ज्याचा भाग होता तो युगोस्लाव्हिया फुटत असताना ऑक्टोबर १९९१ पासून शहराला वेढा पडला. पाणी आणि वीज तोडली गेली. ६ डिसेंबर १९९१ ला जुन्या शहरावर सर्वात भीषण तोफमारा झाला, तेही १९७९ पासून ते जागतिक वारसा यादीत असताना. शहराच्या तटबंदीच्या भिंतीवरून खाली छपरं बघा: झगझगीत केशरी कौलं युद्धानंतरची, फिकट आणि डागाळलेली जुनी. केशरी किती जास्त आहेत ते आपोआप लक्षात येतं. स्पोन्झा राजवाड्यात शहर राखताना मेलेल्यांची छायाचित्रं लावलेली एक खोली आहे, आणि केबलकारने सर्ज डोंगरावर गेलात तर तिथल्या किल्ल्यात युद्धाचं संग्रहालय आहे.

स्थानिकांशी बोलताना हा विषय आपणहून काढू नका. त्यांनी काढला तर ऐका. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला तो इतिहास वाटत नाही.

भिंतीवर फिरायला एवढे पैसे मोजावेत का?

मोजावेत. तटबंदी सुमारे १,९४० मीटर लांब आहे आणि फेरी एकाच दिशेने करावी लागते. २०२५ च्या हंगामात तिकीट ४० युरो होतं. मात्र शहराचा पर्यटक पास जवळपास त्याच किमतीत मिळतो आणि त्यात भिंत, संग्रहालयं आणि शहर बस येते, त्यामुळे नुसतं भिंतीचं तिकीट काढण्यात अर्थ नाही. दर वर्षागणिक बदलतात, जाण्याआधी पाहून घ्या.

दरवाजे उघडताच आत शिरा. वर सावली जवळजवळ नाही, आणि दगड तापला की खालूनही भाजतो. फेरीला दीड-दोन तास लागतात. तिकीट जपून ठेवा, वाटेत पुन्हा तपासतात.

स्प्लिटला ‘राजवाडा’ शोधूनच सापडला नाही, असं एकजण म्हणाले. म्हणजे काय?

म्हणजे ते त्याच्या आतच उभे होते. स्प्लिटची गंमत हीच आहे. रोमन सम्राट डायोक्लेशियन याने निवृत्तीनंतर राहायला, इ.स. ३०५ च्या सुमारास, इथे समुद्रकाठी हा वाडा उभारला. निवृत्त झालेला सम्राट ही त्या काळी जवळजवळ अशक्य गोष्ट होती. परत गादीवर या असं साकडं घालायला लोक आले तेव्हा, मी लावलेले कोबी बघितलेत तर तुम्ही हे विचारणार नाही, अशा अर्थाचं त्याने उत्तर दिल्याची गोष्ट रोमन इतिहासात नोंदलेली आहे.

सातव्या शतकात शेजारचं सालोना हे मोठं शहर आक्रमणात उद्ध्वस्त झालं, आणि तिथले लोक जीव वाचवून या रिकाम्या वाड्याच्या भक्कम भिंतींआड आले. ते तिथेच राहिले. खांबांच्या मधे भिंती घातल्या, दालनांची घरं केली, वर मजले चढवले. आजही लोक आत राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात, खाली केशकर्तनालयं आणि बँका आहेत. त्यामुळे प्रवेशद्वार, तिकीटखिडकी, ‘इथून राजवाडा सुरू’ असं काही नाही. गल्लीच राजवाडा आहे.

ज्या सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा छळ केला, त्याच्याच समाधीचं पुढे कॅथीड्रल झालं, आणि ते त्याच्याच काळात मारल्या गेलेल्या बिशपच्या, संत दोम्नियसच्या, नावाने. जगातल्या सर्वात जुन्या इमारतींतल्या कॅथीड्रलांत त्याची गणना होते. समोरच्या पेरिस्टिल चौकात इजिप्तहून आणलेला काळ्या दगडाचा स्फिंक्स बसलेला आहे. आणि तळघरं चुकवू नका: शतकानुशतकं वरच्या रहिवाशांनी त्यांत कचरा टाकला, त्यामुळे ती बुजली आणि जशीच्या तशी टिकली. वरची दालनं गेली, पण खालचा आराखडा वरच्यासारखाच असल्यामुळे सम्राटाची घरं कशी होती ते तळघरांवरून कळतं.

मुक्कामासाठी मला दुब्रोवनिकपेक्षा स्प्लिट आवडतं. खऱ्या माणसांचं शहर आहे, स्वस्त आहे, बोटी सगळीकडे जातात. अर्ध्या दिवसात त्रोगिर होतं. तेही जागतिक वारसा यादीत असलेलं छोटंसं बेटशहर आहे.

ह्वार, कोर्चुला, व्हिस, ब्राच. एकच बेट निवडायचं असेल तर?

कोर्चुला. फार विचार करू नका.

कारण विचारलंत तर: कोर्चुलाचं जुनं शहर एका छोट्या भूशिरावर वसलंय आणि त्याचा आराखडा माशाच्या काट्यासारखा आहे. मधला रस्ता म्हणजे कणा. पश्चिमेकडच्या गल्ल्या सरळ, म्हणजे उन्हाळ्यातला मायस्त्राल वारा आत खेळावा. पूर्वेकडच्या किंचित वळवलेल्या, म्हणजे हिवाळ्यातला बोचरा बुरा वारा थेट घुसू नये. हे सगळं मध्ययुगात आखलेलं. उन्हाळ्यात ठरावीक संध्याकाळी इथे मोरेश्का हे तलवारनृत्य होतं: काळा राजा आणि गोरा राजा, दोघांच्या सैन्याची एका मुलीसाठी लढाई, आणि खऱ्या तलवारींच्या ठिणग्या. पर्यटकांसाठी रचलेलं नाही, कोर्चुलाची घराणी पिढ्यानपिढ्या ते नाचत आली आहेत.

मार्को पोलो इथेच जन्मला, असं गावातला प्रत्येक जण सांगेल आणि त्याचं ‘घर’ही दाखवेल. त्याला पक्का पुरावा नाही. १२९८ मध्ये व्हेनिस आणि जेनोवा यांची आरमारी लढाई मात्र या बेटासमोर झाली, एवढं नक्की.

ह्वारचं नाव पार्ट्यांमुळे झालंय, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये कुटुंबाने ह्वार शहरात राहू नये. पण बेटाच्या दुसऱ्या बाजूचं स्तारी ग्राद ही अगदी वेगळी चीज आहे. इ.स.पूर्व ३८४ मध्ये पारोस बेटावरच्या ग्रीकांनी ही वसाहत केली आणि शेजारच्या मैदानात जमिनीचे एकसारखे आयताकृती तुकडे पाडले. त्याच दगडी बांधांत आजही द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकतात. चोवीसशे वर्षं शेताचे बांध हलले नाहीत. (आपल्याकडे बांधावरून किती पिढ्या कोर्टात गेल्या असत्या!) २००८ मध्ये हे मैदान जागतिक वारसा यादीत आलं. सायकल भाड्याने घ्या आणि सकाळी त्यातून फिरा. लॅव्हेंडरचा बहर बघायचा असेल तर जूनअखेर ते जुलै.

व्हिस सर्वात दूर आणि सर्वात शांत. युगोस्लाव लष्कराचा तळ असल्यामुळे १९८९ पर्यंत परदेशी माणसाला तिथे प्रवेशच नव्हता, म्हणून हॉटेलांची बांधकामं झाली नाहीत. जवळच्या बिशेवो बेटावरची निळी गुहा प्रसिद्ध आहे, पण लाटा असतील तर ती बंद ठेवतात आणि आत जेमतेम काही मिनिटं मिळतात. तेवढ्यासाठी स्प्लिटहून एका दिवसाची धावपळ करावी, असं मला वाटत नाही.

ब्राच पोहण्यासाठी.

बोटींचं गणित कसं असतं? आधी आरक्षण लागतं का?

दोन प्रकार लक्षात ठेवा. ‘त्रायेक्त’ म्हणजे गाड्या नेणारी मोठी, संथ फेरी. तिच्यावर पायी प्रवाशाला सहसा जागा मिळतेच. ‘कातामारान’ म्हणजे फक्त माणसं नेणारी जलद बोट. ही भरते, त्यामुळे जून ते सप्टेंबर तिकीट आधीच काढा. यादरोलिनिया ही सरकारी कंपनी, आणि जलद बोटींत क्रिलोही आहे. हिवाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं, म्हणून जुन्या ब्लॉगवरच्या वेळांवर विसंबू नका.

नेहमी होणारे दोन घोटाळे: स्प्लिटहून सुटणारी ह्वारची गाड्यांची फेरी ह्वार शहरात जात नाही, ती स्तारी ग्रादला लागते, पुढे बस घ्यावी लागते. ह्वार शहरात थेट जाते ती कातामारान, साधारण तासाभरात. आणि दुब्रोवनिकच्या बोटी जुन्या शहरातून नव्हे, ग्रूझ बंदरातून सुटतात. तिथवर शहर बसने जायला वेळ धरा.

बुरा किंवा दक्षिणेचा युगो वारा जोरात सुटला की कातामारान रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर राहू नका.

गाडी भाड्याने घ्यावी का?

शहरं आणि बेटं एवढंच करायचं असेल तर अजिबात नको. जुन्या शहरांत गाडी जात नाही आणि पार्किंगचे पैसे खोलीच्या भाड्याला टक्कर देतात. स्टोन गाव आणि पेल्येशाट्स द्वीपकल्प निवांत बघायचा असेल तरच घ्या. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आणि इथून निघताना आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या.

स्प्लिट-दुब्रोवनिक रस्त्याची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. नकाशात पाहिलंत तर क्रोएशियाचा किनारा मधेच तुटलेला दिसतो. नेउम गावाशी सुमारे २० किलोमीटर किनारा बोस्नियाचा आहे. हे झालं दुब्रोवनिकच्याच करणीने. १६९९ च्या कार्लोव्हिट्झ तहाच्या वेळी आपली हद्द व्हेनिसला थेट भिडू नये म्हणून रागुसाने दोन्ही टोकांचे पट्टे चक्क ऑटोमनांना देऊन टाकले. शत्रू शेजारी नको, त्यापेक्षा सुलतान बरा. साम्राज्यं गेली, पण ती रेघ राहिली, आणि तीनशे वर्षांनंतरही दुब्रोवनिकला जाणाऱ्या बसमधल्या प्रवाशांचे पासपोर्ट दोनदा तपासले जात. जुलै २०२२ मध्ये २.४ किलोमीटर लांबीचा पेल्येशाट्स पूल खुला झाला. त्याला टोल नाही. आता देश न सोडता जाता येतं. एकाच प्रवेशाचा व्हिसा असलेल्यांनी बस याच पुलावरून जाते ना, हे तिकीट काढताना विचारावं.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांना झेपेल?

झेपेल, फक्त खोली नीट निवडा. दुब्रोवनिकचं स्त्रादून सपाट आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्या म्हणजे जिने. ‘जुन्या शहराच्या मधोमध’ अशी जाहिरात असलेली खोली शंभर पायऱ्या वर असू शकते, आणि बॅगा आपल्यालाच चढवायच्या. घरमालकाला थेट विचारा: रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती आणि घरात किती? गुडघे दुखत असतील तर लापाद भागात राहा, तिथून बस मिळते.

घासून गुळगुळीत झालेले दगड पावसात फार निसरडे होतात. रबरी तळव्याचे बूट हवेत, चपला नकोत. भिंत वगळा, तिच्याऐवजी केबलकार. स्प्लिटचा रिवा, म्हणजे समुद्रकाठचा फिरायचा रस्ता, आणि कोर्चुलाभोवतीचा रस्ता वयस्कर मंडळींना आवडतो. बाकं आहेत, सावली आहे.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण कंटाळाल. पिझ्झा, पास्ता, रिझोटो सगळीकडे मिळतं. त्यापलीकडे ब्लित्वा मागा: पालकासारखी पालेभाजी बटाट्यासोबत, लसूण आणि ऑलिव्ह तेलात. स्प्लिटजवळच्या पोल्यित्सा भागातला सोपार्निक जरूर खा. दोन पातळ पोळ्यांत ब्लित्वा आणि कांदा भरून निखाऱ्याखाली भाजतात, वर लसूण-तेल. मेथीच्या भल्यामोठ्या पराठ्याची आठवण होईल. बेकरीला ‘पेकारा’ म्हणतात, तिथे चीज भरलेला बुरेक सकाळी गरम मिळतो. पाग बेटाचं मेंढीच्या दुधाचं चीज महाग आहे, पण चव घ्या.

सावध राहायच्या जागा: सूप बहुधा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं, घेवड्याच्या उसळीत सॉसेज असू शकतं, आणि व्हिसची पोगाचा दिसायला भाजीची असली तरी आत खारवलेले छोटे मासे असतात. ‘बेज मेसा इ रिबे’ म्हणजे मांस आणि मासे नकोत. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर कधीकधी मासे चालतील असं समजतात. जैन मंडळींनी आणि लहान मुलं बरोबर असलेल्यांनी स्वयंपाकघर असलेली अपार्टमेंट घ्यावी. पीठ, तांदूळ, भाज्या, दही सगळं दुकानात मिळतं. मसाले आणि डाळ घरून न्या.

आणि मासेखाऊंना?

चंगळ, मात्र तिखटाशिवाय. मासा कोळशावर भाजतात, वर ऑलिव्ह तेल, लसूण आणि पार्सली, बस्स. मालवणी जिभेला पहिल्या दिवशी हे आजाऱ्याचं जेवण वाटतं. तिसऱ्या दिवशी मासा किती ताजा होता ते कळू लागतं. रस्सा हवा तर ब्रुदेत मागा, पोलेंटाबरोबर (मक्याच्या पिठाची घट्ट लापशी) देतात. कटलफिशच्या शाईतला काळा रिझोटो खाल्लात तर नंतर फोटोसाठी दात दाखवू नका.

मोठा मासा किलोच्या भावाने लावतात. ताटात यायच्या आधी वजन आणि किंमत विचारा, त्यात कुणाला अपमान वाटत नाही. पेडवे आणि बांगड्याच्या जातीचे छोटे मासे स्वस्त असतात आणि स्थानिक तेच खातात. गोमांस वर्ज्य असेल तर पाश्तित्सादा आणि चेवापी टाळा. प्रशुत म्हणजे डुकराचं वाळवलेलं मांस.

बीच कसे आहेत?

गोटे आणि खडक. कोकणातल्यासारखी वाळू फार थोड्या ठिकाणी आहे. पाणी मात्र तळ दिसेल इतकं नितळ. खडकांत सागरी साळिंदराचे काटे असतात, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट घ्या. तिथे कुठल्याही दुकानात मिळतात. ओल्या पोहण्याच्या कपड्यांत जुन्या शहरातून फिरलं तर ह्वार आणि स्प्लिटमध्ये दंड होतो. गमतीची पाटी समजू नका.

रोख किती ठेवावी?

थोडी. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण बाजार, छोट्या खोल्या आणि लहान बोटी यांना रोख लागते. एटीएम ‘रुपयांत हिशोब करू का’ असं विचारतं तेव्हा नाही म्हणा, युरोच निवडा. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे. दुब्रोवनिकच्या पिले दरवाज्याशी १४३८ मध्ये बांधलेल्या ओनोफ्रियोच्या कारंज्यातून आजही लोक बाटल्या भरतात. बाटलीबंद पाण्यावर खर्च करू नका.

खोली देणारे पासपोर्ट का मागतात?

प्रत्येक पाहुण्याची सरकारी नोंदणी करावी लागते म्हणून. तपशील टिपून पासपोर्ट परत देतात. ‘सोबे’ अशी पाटी म्हणजे खोल्या भाड्याने.

गोव्याशी दुब्रोवनिकचा संबंध आहे असं ऐकलं. खरं का?

जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला सां ब्रास चर्च आहे. सां ब्रास म्हणजे संत व्लाहो, दुब्रोवनिकचे रक्षक संत. दुब्रोवनिकच्या प्रत्येक वेशीवर हातात शहराची प्रतिकृती घेतलेली त्यांची मूर्ती दिसते. सोळाव्या शतकात मसाल्याच्या व्यापारासाठी आलेल्या रागुसाच्या लोकांनी हे चर्च उभारलं, असं परंपरा सांगते. नेमकं किती लोक आले, कुठे राहिले यावर अभ्यासकांत वाद आहेत. दोन्ही ठिकाणी सण फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतो. दुब्रोवनिकमध्ये ३ फेब्रुवारीला मोठी मिरवणूक निघते, आणि त्या वेळी शहरात पर्यटक नावालाच असतात. थंडी चालत असेल तर हा बेत वाईट नाही.

रविवारी दुकानं उघडी असतात का?

बरीच बंद. २०२३ च्या कायद्याने दुकानांना वर्षातले मोजकेच रविवार उघडता येतात. किराणा शनिवारी भरून ठेवा.

येताना काय आणावं?

ह्वारचं लॅव्हेंडर, ऑलिव्ह तेल, सुकी अंजिरं, स्टोनच्या मिठागरांतलं मीठ. तेल आणि मध हातातल्या बॅगेत चालत नाही, मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा. ह्वारच्या बेनेडिक्टाइन जोगिणी घायपाताच्या धाग्यांची लेस विणतात. ती खरी असेल तर किंमत ऐकून घाम फुटेल, आणि रस्त्यावर पाच युरोला मिळते ती ती नव्हे. फ्रिजवर लावायची चुंबकं विमानतळावर घेऊ नका, स्प्लिटच्या बाजारात निम्म्यात मिळतात.